होम थिएटरचा रिसीव्हर घेताना: पेटीवरचा वॅट सोडा, त्याखालच्या अटी वाचा

सांगलीत टीव्ही घ्यायला गेलं की दुकानदार चार टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवतो. रिसीव्हरचं तसं होत नाही. बहुतेक दुकानांत तो पेटीत बंद असतो, काही ठिकाणी मागवून देतात, आणि ऐकायला मिळालाच तर एकच मिळतो, तोही मालकाच्या आवडीच्या स्पीकरवर. त्यामुळे गिऱ्हाईक जे दिसतं त्यावरून निवड करतं. दिसतो तो पेटीवर मोठ्या टायपात छापलेला वॅटचा आकडा.

यावर उपाय आहे. तुलना आधी घरी कागदावर करा आणि मग खात्री करायला बाहेर पडा. ज्यांनी आजवर असं यंत्र घेतलेलं नाही त्यांच्यासाठी ही क्रमवार माहिती आहे. घाईत असाल तर वॅटचा आणि सर्व्हिसचा भाग तरी वाचाच, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आधी ठरवा: हवाय का, आणि कुठला

रिसीव्हर एकाच डब्यात तीन कामं करतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फोनचं ब्लूटूथ, रेडिओ यांतून हवा तो आवाज निवडतो. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीनं बांधून आलेला आवाज सोडवून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढतो. आणि शेवटी त्या आवाजाला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. स्पीकर त्याच्यासोबत येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. हे मुद्दाम सांगतो, कारण रिसीव्हरची किंमत ऐकून ‘सगळं मिळून एवढंच?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

सिनेमा आणि टीव्ही हे मुख्य काम असेल तर एव्ही, म्हणजे आवाज आणि चित्र दोन्ही हाताळणारा, रिसीव्हर घ्या. घरात फक्त गाणी ऐकली जात असतील तर त्याच पैशात दोन चॅनलचा (एक चॅनल म्हणजे एका स्पीकरचा वाटा) स्टिरिओ रिसीव्हर किंवा इंटिग्रेटेड अँप्लिफायर जास्त चांगला येतो, कारण पैसा सात चॅनल आणि व्हिडिओच्या सर्किटात वाटला जात नाही. आणि संध्याकाळच्या मालिका, बातम्या आणि महिन्यातून एखादा सिनेमा एवढाच वापर असेल तर चांगला साउंडबार घ्या आणि हा लेख इथंच सोडा. पाच स्पीकरच्या वायरी सांभाळायची हौस घरात कुणाला तरी हवी, नाहीतर मागचे दोन स्पीकर सहा महिन्यांत फुलदाणी ठेवायच्या कामाला येतात.

खोली मोजा

मोजपट्टी घ्या आणि तीन मापं लिहून ठेवा: खोलीची लांबी-रुंदी, टीव्हीपासून सोफ्यापर्यंतचं अंतर, आणि ज्या कप्प्यात रिसीव्हर बसणार त्याची आतली उंची, रुंदी आणि खोली. शेवटचं माप सगळे विसरतात. साधारण एव्ही रिसीव्हर ४३ ते ४४ सेंटिमीटर रुंद असतो आणि मागे वायरी वळायला चार बोटं जागा लागते. बाजारात तयार मिळणाऱ्या टीव्ही युनिटचे कप्पे डीटीएच बॉक्सच्या मापाचे असतात. त्यात रिसीव्हर कसाबसा कोंबला तर तो उन्हाळ्यात तापून स्वतःहून बंद पडायला लागतो.

आता थोडी आकडेमोड, ही एकदाच करायची आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून ८७ डेसिबल असा काहीतरी आकडा असतो. स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो, असा त्याचा अर्थ. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे सोफा तीन मीटरवर असेल तर साडेनऊ डेसिबल गेले. बंद खोलीत भिंती त्यातलं काही परत देतात, शिवाय स्पीकर दोन असतात. सगळं धरून एका वॅटला कानापाशी ८० डेसिबलच्या आसपास पोचतात. नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. घरी आपण जे ऐकतो ते बराच वेळ एका वॅटच्या आतच चाललेलं असतं.

मग जास्तीचे वॅट कशाला? सिनेमात स्फोट झाला किंवा ढोल अचानक कडाडला की त्या क्षणापुरती दहापट, वीसपट ताकद लागते. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. हे एकदा लक्षात आलं की पुढची गोष्ट आपोआप सुटते: ८० वॅट आणि १०० वॅटच्या यंत्रांत फरक एका डेसिबलचाही नसतो. त्यासाठी जास्त पैसे मागत असतील तर ते कशाचे, हे विचारायला हवं. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर रिसीव्हरची ताकद दुप्पट केल्याचा परिणाम फुकट मिळतो.

विश्रामबागेतल्या किंवा शंभरफुटी रस्त्याकडच्या फ्लॅटमधल्या नेहमीच्या हॉलला खऱ्या ५० ते ८० वॅटचा रिसीव्हर पुरतो. माझ्या मते शेजाऱ्यांच्या मानानं तो जास्तच आहे.

वॅट: एकच यंत्र, तीन आकडे

सगळा घोळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा आपल्याकडे बराच खपलेला सुरुवातीचा मॉडेल. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात ताकदीचे तीन आकडे आहेत. शेजारच्या अटींत ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, हर्ट्झ म्हणजे स्वर किती खालचा किंवा वरचा, आणि विकृती म्हणजे आवाज मुळापेक्षा किती बिघडतो. पहिला ७० वॅट: ६ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल एकदम चालू, विकृती ०.०९ टक्के. दुसरा १०० वॅट: ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, विकृती ०.९ टक्के. तिसरा १३५ वॅट: तेच १ किलोहर्ट्झ, तोच एक चॅनल, पण विकृती १० टक्के. यंत्र तेच, ट्रान्सफॉर्मर तोच, आणि आकडा जवळपास दुप्पट.

यात कंपनी खोटं बोलत नाही. अटी शेजारीच छापलेल्या असतात. पण पेटीवर, ऑनलाइन जाहिरातीत आणि विक्रेत्याच्या तोंडी अटी गळून पडतात आणि शेवटचा आकडा उरतो. एका कंपनीचा पहिला आकडा आणि दुसऱ्या कंपनीचा तिसरा आकडा शेजारी ठेवला की दुसरी कंपनी हमखास जिंकते.

म्हणून कागदावर मॉडेलच्या नावापुढे पाच रकाने करा: वॅट, ओहम, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत, विकृती टक्के, किती चॅनल चालू असताना. पाचही भरले तरच तो आकडा तुलनेला घ्या. दोन मॉडेलच्या अटी जुळत नसतील तर त्याच मॉडेलचं अमेरिकेतलं पान शोधा. तिथं अँप्लिफायरच्या वॅटवर १९७४ पासून सरकारी नियम आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत विकृती या अटींवरचा आकडा द्यावा लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलांची जुळी भावंडं तिथं असतात, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. आणि फक्त १ किलोहर्ट्झचा, एका चॅनलचा, पण कमी विकृतीचा आकडा हाती लागला तर मी त्याचा दोन-तृतीयांश धरतो. नेमकं नव्हे, पण फसायला होत नाही.

सात चॅनल एकदम पूर्ण ताकदीनं चालवले तर बहुतेक रिसीव्हर छापलेल्या वॅटपर्यंत पोचत नाहीत. त्याची काळजी नको, सिनेमात तशी वेळ जवळजवळ येत नाही.

पेटीवर पीएमपीओ अशी अक्षरं आणि पुढे हजारांतला आकडा दिसला तर ती पेटी खाली ठेवा. पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जे वाटेल ते छापतो. शंका आली तर यंत्र उलटं करून मागच्या पट्टीवर वीज किती लागते ते वाचा. तिथं ६० वॅट लिहिलंय आणि पुढे १००० वॅट, तर उरलेले ९४० कुठून येणार? ब्रँडेड रिसीव्हरच्या मागचा आकडा कमाल वापराचा नसतो हे खरं, पण थाप पकडायला तो पुरतो.

आणि डॉल्बीचा शिक्का आहे म्हणजे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसारखा दणदणाट मिळेल, या समजुतीनंही घेऊ नका. तो शिक्का आवाज सोडवण्याच्या पद्धतीचा आहे, जोराचा नाही.

ओहम जुळवा

घरात आधीचे स्पीकर असतील, वडिलांच्या काळातले सोनोडाईन वगैरे, तर त्यांची पाठ बघा. ८, ६ किंवा ४ ओहम असं लिहिलेलं असतं. ओहम कमी तेवढी रिसीव्हरकडून विजेची ओढ जास्त आणि तो तापतोही जास्त. सुरुवातीच्या किमतीतले रिसीव्हर ६ ते ८ ओहमसाठी बनवलेले असतात. ४ ओहमचे स्पीकर लावायचे असतील तर माहितीपत्रकात ४ ओहमचा स्पष्ट उल्लेख हवा. विक्रेता ‘चालतंय की’ म्हणतो, त्यावर जाऊ नका.

एक स्पीकरजोडी हॉलमध्ये आणि दुसरी आतल्या खोलीत, दोन्ही एकाच खुंटीला, असा जुगाड बरेच जण करतात. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की रिसीव्हरला ते ४ ओहम दिसतात. ए आणि बी अशी वेगळी स्पीकर बटणं असलेल्या यंत्रातही मागे लिहिलेली किमान ओहमची अट वाचूनच दुसरी जोडी लावा.

टीव्हीच्या मागे हात घाला

टीव्हीच्या एचडीएमआय खाचांपैकी एकीवर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेलं असतं. मोबाईलची बॅटरी लावून ते वाचा आणि खाचेचा क्रमांक टिपून घ्या. टीव्हीतल्या अॅपचा आवाज त्याच खाचेतून रिसीव्हरकडे उलटा येतो, वेगळी वायर लागत नाही.

‘ई-एआरसी नसेल तर अॅटमॉस (डॉल्बीची वरूनही आवाज आणणारी पद्धत) मिळणार नाही’ असं दुकानात ठासून सांगतात. ते अर्धंच खरं. नेटफ्लिक्स, प्राइमसारख्या अॅपवरचा अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येतो आणि तो साध्या एआरसीमधूनही जाऊ शकतो. टीव्हीनं आणि रिसीव्हरनं मात्र तो मानायला हवा. ई-एआरसी खरोखर लागतं ते ब्ल्यू-रे प्लेअर टीव्हीला जोडून त्यातला न आकसलेला आवाज रिसीव्हरकडे न्यायचा असेल तेव्हा. तो प्लेअर तुमच्याकडे नसेल, आणि बहुतेकांकडे नसतो, तर या एका अक्षरासाठी वरचा मॉडेल घ्यायची गरज नाही.

एचडीएमआय २.१ ची गोष्टही तशीच. ती लागते नव्या गेमिंग कन्सोलवर ४के चित्र सेकंदाला १२० वेळा बदलायला हवं असेल तर. मुलगा प्लेस्टेशन ५ मागत असेल तर विचार करा. नुसत्या सेट-टॉप बॉक्ससाठी एचडीएमआय २.० भरपूर झालं. टीव्ही फार जुना असून त्यावर एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून ५.१ पर्यंतचा साधा डॉल्बी आवाज येतो.

खाचा मोजा: आज लागतात त्यापेक्षा एक जास्त असू द्या. रेकॉर्ड प्लेअर असेल तर ‘फोनो’ लिहिलेली खाच आहे का बघा. रेकॉर्डची सुई फार क्षीण सिग्नल देते. तो वाढवून त्याचा तोल सावरणारं सर्किट त्या खाचेमागे असतं. साध्या ‘ऑक्स’मध्ये लावलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो.

५.१, ७.२, ५.१.२

पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे जड स्वर देणाऱ्या स्पीकरचा, तिसरा वरून येणाऱ्या आवाजाचा. ७.२ चा रिसीव्हर घेतला म्हणून सात स्पीकर लावलेच पाहिजेत असं नाही. आणि त्यातला ‘.२’ बऱ्याच मॉडेलांत एकच सिग्नल दोन खाचांतून देतो, त्याला भुलू नका.

माझं स्पष्ट मत: पाच स्वस्त स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे तीन चांगले घ्या. डावा, उजवा आणि मधला. सिनेमातलं आणि मालिकेतलं बोलणं प्रामुख्यानं मधल्या स्पीकरमधून येतं. ‘बोललेलं कळत नाही आणि गाणं लागलं की कान फुटतो’ ही घरातली नेहमीची तक्रार त्या एका स्पीकरनं बरीचशी मिटते. मागचे दोन पुढच्या दिवाळीला. छताचे स्पीकर फक्त नवं घर बांधत असाल तर मनावर घ्या आणि स्लॅब पडायच्या आधी त्यात पाइप टाकून घ्या. नंतर पट्टीतून वायर फिरवली तर घरातली माणसं रोज त्या पट्टीकडे बघून बोलून दाखवतात.

माइकवालं सेटिंग

आपल्या घरांत खाली टाइल, समोर काच, भिंती उघड्या. टाळी वाजवा आणि ऐका. टण्णकन घुमलं तर दोन रिसीव्हरमधला बारीक फरक त्या खोलीत ऐकूच येणार नाही. आधी सतरंजी किंवा जाड गालिचा, पडदे, पुस्तकांचं कपाट. यातलं निम्मं घरात असतंच.

त्यानंतर रिसीव्हरमधली खोली ओळखायची सोय कामाला येते. यामाहात तिला वायपाओ म्हणतात, डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसी, काही महागड्या यंत्रांत डिरॅक. पेटीत छोटा माइक येतो. तो सोफ्यावर, कान जिथं असतो त्या उंचीवर ठेवायचा. उशीवर नको, स्टँड नसेल तर मोबाईलच्या ट्रायपॉडवर बांधा. मग एकेका स्पीकरमधून सूं-सूं असा आवाज निघतो आणि यंत्र अंतर, पातळी आणि खोलीची घुमी मोजतं. एवढा वेळ पंखा बंद, फ्रीजचा दरवाजा उघडायचा नाही, आणि कुकर शिट्टीवर असेल तर त्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबा. मधेच शिट्टी वाजली तर यंत्राला तो स्पीकरचा दोष वाटतो आणि ते भलतंच सुधारून ठेवतं.

तुलना करताना इथं दोन प्रश्न विचारा. माइक एकाच जागी ठेवून मोजतात की अनेक जागी? अनेक जागांचं मोजमाप चांगलं, कारण सोफ्यावर माणसं तीन बसतात. आणि ही सुधारणा सबवूफरलाही लागू होते का? खोलीतले सर्वांत मोठे घोळ खालच्या स्वरातच असतात. स्वस्त मॉडेलांत नेमकी तीच गोष्ट गाळलेली असते, आणि दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक पुष्कळदा इथला असतो. या फरकासाठी पैसे मोजायला हरकत नाही. वीस वॅट जास्त घेण्यापेक्षा हे नक्कीच कामाचं.

मोजणी झाल्यावर स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ आहे का तेवढं तपासा. यंत्रं कधी कधी छोट्या स्पीकरलाही ‘लार्ज’ ठरवून मोकळी होतात.

कानानं तुलना

आता कागदावर दोन, फार तर तीन मॉडेल उरले असतील. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि पुण्याला कामानं आपण जातोच. डेमोची खोली असलेल्या दुकानात आधी फोन करून वेळ घ्या आणि कुठले स्पीकर लावायला सांगणार तेही ठरवून जा. दोन्ही रिसीव्हर एकाच स्पीकरजोडीवर ऐकायला मिळाले नाहीत तर ती रिसीव्हरची तुलना नाहीच.

ऐकायला काय न्यायचं? दुकानातली डेमो क्लिप नको. तिच्यात काच फुटते, हेलिकॉप्टर उडतं आणि कुठलंही यंत्र भारी वाटतं. ज्याचा खरा आवाज तुमच्या कानाला पाठ आहे ते न्या. आपल्या भागाला यात आयता फायदा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभं राहून तंबोरा जुळवताना ज्यानं ऐकलाय, त्याला जवारीचा गुंजणारा आवाज कसा असतो ते कुणी सांगायला नको. तंबोरा, तबला आणि गाणं असलेली साधी मैफल फोनवर चांगल्या दर्जात उतरवून घ्या. डग्ग्याचा घुमारा सुटासुटा ऐकू येतो की सगळं मिळून एक ‘धुम्म’ होतं? तंबोरा गाण्याच्या मागे शेवटपर्यंत टिकतो की गाणं वर गेलं की गायब होतो? दुसरं, नाटकाचं रेकॉर्डिंग किंवा बातम्या: बोलणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ टोचतात का? तिसरं, तुमच्या आवडीचा सिनेमातला कुठलाही पाच मिनिटांचा तुकडा, जो तुम्ही भरपूर वेळा पाहिलाय.

दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा ठेवा. हा नियम सोडला तर सगळा प्रवास वाया, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, एक डेसिबलनं मोठा असला तरी. फोनवर डेसिबल मोजायचं कुठलंही फुकटचं अॅप घ्या, फोन एका जागी ठेवा आणि दोन्ही यंत्रं एकाच आकड्यावर आणा. फोनचं मोजमाप अचूक नसलं तरी दोन्हीला चूक सारखीच, म्हणून चालतं. बास-ट्रेबल मध्यावर, आणि यंत्रात ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ असं आवाजातले फेरफार बंद करणारं बटण असेल तर ते दाबून ऐका.

एवढं करून फरक ऐकू आला नाही तर खट्टू होऊ नका. चांगल्या कंपन्यांच्या एकाच किमतीतल्या रिसीव्हरांचा नुसता अँप्लिफायर शांत खोलीतही ओळखणं अवघड असतं. स्पीकर बदलला तर मात्र शेजारच्या खोलीतूनही कळतं. म्हणूनच एकूण बजेटचा अर्ध्याहून जास्त हिस्सा स्पीकर आणि सबवूफरला ठेवा. फरक ऐकू येत नसेल तर निवड खाचा, माइकचं सेटिंग आणि पुढच्या मुद्द्यावर करा.

बिल, सर्व्हिस आणि अमेरिकेहून येणारी पेटी

दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नको. विचारा: बिघडला तर कुठं पाठवायचा, कोण पाठवणार, भाडं कुणाचं? काही कंपन्यांची अधिकृत दुरुस्ती पुण्या-मुंबईतच होते. सात-आठ किलोचा डबा दोनदा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जाऊन येणार असेल तर दोन हजार रुपयांची ऑनलाइन बचत कितीशी उरते ते बघा. इथला दुकानदार स्वतः पाठवून आणून देत असेल तर त्याला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. मात्र ते बोलणं बिलावर लिहून घ्या.

पक्कं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. तो नंबर पेटीवरच्या आणि यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवून बघा, दुकानातच. वॉरंटी कंपनीची आहे की ‘आमची’, हे स्पष्ट विचारा. कागदावर कंपनीचा भारतातला पत्ता नसेल तर माल बाहेरून आलेला असतो.

भाचा अमेरिकेहून येतोय आणि तिकडे स्वस्त मिळतो, हा मोह मोठा. तिकडचं यंत्र १२० व्होल्टवर चालतं, इकडे २३०. नुसता प्लग बदलून लावलं तर क्षणात धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड, वर गुणगुणणारा, आणि वॉरंटी इथं चालत नाही. रेडिओ ऐकणाऱ्या घरात आणखी एक गंमत होते. मीडियम वेव्हवर आपल्याकडची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, अमेरिकेत १०. सांगली आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ त्या यंत्रावर नेमकं लागत नाही. ते १२५० वर थांबतं किंवा १२६० वर. काही यंत्रांत पायरी बदलायची सोय असते, पण तीही आधी तपासावी लागते.

जुना घेत असाल तर पैसे देण्याआधी तासभर चालवून बघा. प्रत्येक एचडीएमआय खाच, प्रत्येक चॅनल, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर. एचडीएमआयचं बोर्ड गेलेलं यंत्र ‘फक्त ब्लूटूथवर वापरत होतो’ असं सांगून विकतात. स्टिरिओ अँप्लिफायर जुना घ्यायला कमी धोका, एव्ही रिसीव्हर जुना घ्यायला जास्त, कारण त्यातली व्हिडिओची बाजू लवकर कालबाह्य होते.

घरी आणल्यावर

वायरसाठी ऑडिओवाल्याकडे जायची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्झिबल वायर घ्या, अंतर दहा मीटरच्या पुढे असेल तर अडीचची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर टाळा, टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्हीकडे. एखाद्या स्पीकरची उलटी जोडली तर बास बराचसा नाहीसा होतो आणि माणूस उगाच रिसीव्हरला दोष देत बसतो. जोडणी करताना प्लग काढलेलाच हवा. उघड्या तारेचा एक केस जरी शेजारच्या खुंटीला लागला तरी यंत्र संरक्षणात जाऊन बंद पडतं, तेही नशीब चांगलं असेल तर.

वर चार बोटं तरी जागा मोकळी, आणि रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. स्पीकरमधून कायम बारीक हं-हं येत असेल तर केबलची किंवा डिशची गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष त्या वायरच्या अर्थिंगचा आहे, रिसीव्हर बदलून घ्यायला जाऊ नका. प्लगला अर्थिंग खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर, नाहीतर किमान चांगला सर्ज प्रोटेक्टर. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर रिसीव्हर त्याच्यावर चालवू नका. एप्रिल-मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही ओढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून वीज थांबत नाही.

सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर किंवा गावभागात तळमजल्यावर राहत असाल तर २०१९ आणि २०२१ आठवा आणि रिसीव्हर-सबवूफरची जागा त्या हिशोबानं ठरवा. सबवूफर जमिनीवर बसतो, त्यामुळे सर्वांत आधी तोच बुडतो. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की वायरींना चिठ्ठ्या लावून दोन्ही डबे माडीवर न्या. पाण्यानं झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. घराच्या विम्यात बसू शकतं, पण पॉलिसीत पूर लिहिलेला हवा आणि बिल हाताशी हवं. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.

मूळ पेटी आणि त्यातलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. दुरुस्तीला पाठवताना साध्या खोक्यातून गेलेल्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर आतल्या आत हलतो, आणि मग ‘वाहतुकीत तुटलं, वॉरंटीत नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं.